आभासी जगात आधी ग्रंथपाल पाठवा

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात अलायन्स लायब्ररी सिस्टीम नावाचा ग्रंथालयांचा संघ होता. २००६ साली या संघाने सेकंड लाइफ या ऑनलाइन जगात आधी एक छोटी जागा भाड्याने घेतली आणि त्याच वर्षी तिथे एक अख्खे बेट उभे केले. त्याचे नाव इन्फो आयलंड. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने २००३ मध्ये सुरू केलेले सेकंड लाइफ दिसायला खेळासारखे होते, पण त्यात हार-जीत नव्हती. आपला अवतार, म्हणजे पडद्यावर आपल्या वतीने वावरणारी आकृती, घेऊन हिंडायचे, भेटेल त्याच्याशी बोलायचे, जागा घेऊन तिच्यावर हवे ते बांधायचे. बेटावर ग्रंथपालांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर संदर्भसेवेचे टेबल मांडले. जगभरच्या ग्रंथपालांनी स्वयंसेवक म्हणून पाळ्या लावून घेतल्या. टेबलामागे अवतार उभा असे आणि त्या अवतारामागे कुठल्या तरी गावातला खरा ग्रंथपाल आपल्या घरच्या संगणकापाशी बसलेला असे. माणसे येत, प्रश्न विचारत, उत्तर घेऊन जात आणि पुष्कळदा तिथेच गप्पा मारत रेंगाळत.

विद्यापीठेही मागोमाग आली. सॅन होजे स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्र विभागाने आपले बेट घेतले. हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये त्याच वर्षी चार्ल्स नेसन आणि त्यांची कन्या रिबेका नेसन यांनी ‘सायबरवन’ हा अभ्यासक्रम शिकवला. त्यात दूरशिक्षणाचे विद्यार्थी सेकंड लाइफमधल्या बर्कमन बेटावर एकत्र जमत. मग वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि ज्याला त्याला बेट हवेसे वाटू लागले. शेकडो संस्थांनी आपले दगडी प्रवेशद्वार, घड्याळाचा मनोरा, सभागृह हुबेहूब बांधून घेतले. उद्‍घाटने झाली, छायाचित्रे निघाली आणि पुढच्या काही वर्षांत त्यातली बरीच आवारे ओस पडली. कोणीही कधीही आत शिरावे, तर सभागृहात रिकाम्या खुर्च्या, फलकावर मागच्या वर्षीच्या कार्यक्रमाची सूचना आणि विचारपूस करायला चिटपाखरू नाही.

आपल्याकडे आज ‘मेटाव्हर्स कॅम्पस’, ‘व्हर्च्युअल ग्रंथालय’ असे शब्द कुलगुरूंच्या भाषणांत आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ संस्थेच्या अहवालांत दिसू लागले आहेत. म्हणून वीस वर्षांपूर्वीचा हा इतिहास नीट वाचायला हवा. माझे म्हणणे एवढेच आहे: ग्रंथालयांनी आणि विद्यापीठांनी आभासी जगात जरूर जावे, पण इमारत बांधायला जाऊ नये. तिथे ठरलेल्या वेळी बसणारा जाणकार माणूस आधी नेमावा आणि त्याला जेवढी जागा लागेल तेवढीच उभारावी. ज्यांनी हा क्रम पाळला त्यांचे काम टिकले, किंवा टिकले नाही तरी कारणी लागले. ज्यांनी तो उलटा केला त्यांच्या पदरी ओसाड बेटे आली.

आभासी जग असे काय देते, जे संकेतस्थळ देत नाही, पीडीएफ देत नाही, झूमवरचा तासही देत नाही? याचे उत्तर मला पुण्याच्या अभ्यासिकांत दिसते. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत एमपीएससीची तयारी करणारी हजारो मुले दरमहा पैसे मोजून टेबल भाड्याने घेतात. पुस्तके त्यांची स्वतःची असतात, नोट्स स्वतःच्या असतात, वाय-फाय खोलीवरही असते. तरीही पहाटे उठून ती अभ्यासिकेत जातात, कारण मान वर केली की समोर दुसरे कोणी तरी वाचताना दिसते. कोपऱ्यातल्या टेबलावरचा मुलगा कोणत्या प्रकरणापर्यंत आला हे न विचारता कळते. चहाच्या टपरीवर एखादा अडलेला प्रश्न सुटतो. ग्रंथालय म्हणजे पुस्तके अधिक ही सोबत. डिजिटल ग्रंथालये उभारताना आपण पुस्तके तेवढी उचलली आणि सोबत मागेच राहिली. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाचे उदाहरण घ्या. आयआयटी खरगपूरने उभारलेला हा प्रकल्प मोलाचाच आहे, पण त्यात शिरलेला वाचक एकटा असतो. शेजारच्या ‘खिडकीत’ तेच पुस्तक दुसऱ्या कोणी उघडले असेल, तरी दोघांची गाठ पडण्याची सोय नाही.

झूमवर माणसे दिसतात हे खरे. पण झूमवर सगळे एकाच रांगेत बसलेले असतात आणि एका वेळी एकच जण बोलू शकतो. व्याख्यान संपले की खटकन पडदा बंद. व्याख्यानानंतर दारापाशी घोळक्याने उभे राहणे, वक्त्याला बाजूला गाठणे, दोघांचे बोलणे कानावर पडून तिसऱ्याने त्यात सामील होणे, या गोष्टी जागा असेल तरच घडतात. आभासी जगात जागा असते. आवाजसुद्धा अंतराप्रमाणे कमी-जास्त होतो. जवळच्याचा मोठा, लांबच्याचा बारीक. एका खोलीत चार घोळके चार विषयांवर बोलू शकतात. ही बाब तांत्रिक वाटेल, पण विद्यापीठीय जीवनाचा निम्मा भाग या घोळक्यांतच घडतो.

आणि ज्यांना खऱ्या इमारतीपर्यंत पोचताच येत नाही, त्यांच्यासाठी या जागेचे मोल आणखीच वाढते. सेकंड लाइफमध्ये अपंग आणि दीर्घ आजारी लोकांसाठी ‘व्हर्च्युअल ॲबिलिटी’ नावाचे बेट आहे. अंथरुणाला खिळलेली, व्हीलचेअरवर असलेली माणसे तिथे भेटतात, व्याख्याने ऐकतात, नव्याने आलेल्याला चालायला-बोलायला शिकवतात. कितीतरी झगमगते प्रकल्प बुडाले तरी हा समुदाय वर्षानुवर्षे टिकला, कारण येणाऱ्याला हात देणारे कोणी तरी तिथे हजर असते. आपल्याकडची किती तालुका वाचनालये पहिल्या मजल्यावर आहेत आणि त्यांतल्या कितींना लिफ्ट आहे, हे ज्याने त्याने आपापल्या गावात पाहून घ्यावे.

मग त्या विद्यापीठांची बेटे ओस का पडली? पहिले कारण, त्यांनी वाचकाच्या वेळेचा विचार केला नाही. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सांगते की वाचकाचा वेळ वाचवा. आणि इथे तर वाचकाने सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचे, अवतार घडवायचा, चालायला शिकायचे, आभासी जिना चढायचा, आभासी कपाट उघडायचे आणि शेवटी हाती काय, तर संकेतस्थळावर दोन क्लिकमध्ये मिळणारी तीच पीडीएफ. हा वाचकाचा छळ झाला. कागदपत्र शोधायला आभासी जग हे सर्वांत वाईट साधन आहे. सूची आणि शोधखिडकी त्या कामात कितीतरी सरस. पुस्तकांची त्रिमित कपाटे रचण्यावर आपल्या एकाही संस्थेने एक रुपयाही घालू नये.

दुसरे कारण पैशाचे आणि मालकीचे. २००६ च्या अखेरीस सेकंड लाइफमध्ये नव्या खासगी बेटासाठी सुरुवातीला १,६७५ डॉलर आणि पुढे दरमहा २९५ डॉलर पडत. शैक्षणिक संस्थांना यात जवळपास निम्मी सवलत होती. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने जाहीर केले की जानेवारी २०११ पासून ही सवलत बंद. अनेक विद्यापीठांनी गाशा गुंडाळला. कंपनीने २०१३ मध्ये सवलत पुन्हा सुरू केली, पण तोवर गेलेली माणसे परतली नाहीत. त्याच २०११ साली इलिनॉयमधले ग्रंथालय-संघ निधीअभावी एकत्र करण्यात आले आणि अलायन्स लायब्ररी सिस्टीम स्वतंत्र संस्था म्हणून उरली नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे राबून काही बांधले होते, त्यांना ते उचलून दुसरीकडे नेता येत नव्हते. भाड्याच्या जमिनीवरचे घर मालकाच्या मर्जीवर उभे असते.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येणार नाही. मायक्रोसॉफ्टने अल्टस्पेस-व्हीआर हे आभासी सभागृह मार्च २०२३ मध्ये बंद केले. मोझिलाचे हब्ज तर थेट ब्राउझरमध्ये चालणारे, शिक्षकांना सोयीचे वाटणारे साधन होते. मोझिलाने आपली ती सेवा मे २०२४ अखेर थांबवली. फरक इतकाच की हब्जचा मूळ कोड खुला होता, त्यामुळे कंपनी निघून गेली तरी तो घेऊन इतरांना पुढे काम करता आले. आपल्या विद्यापीठांनी सामंजस्य करारावर सही करण्याआधी एवढी एकच गोष्ट विचारावी: तुम्ही उद्या दुकान बंद केलेत, तर आमचे बांधकाम आम्हाला कोणत्या फाइलमध्ये मिळेल आणि ते दुसरीकडे उघडेल का?

तिसरे कारण मात्र सगळ्यांत मोठे. तिथे माणूस नव्हता. इमारतीला निधी मिळतो, फीत कापता येते. रोज संध्याकाळी सहा ते आठ आभासी टेबलामागे बसणाऱ्या ग्रंथपालाच्या पगाराला निधी मिळत नाही. हार्वर्डचे बर्कमन बेट गजबजले, कारण तिथे ठरलेल्या वेळी तास होई आणि शिक्षक हजर असत. इन्फो आयलंड गजबजले, कारण पाळीवर कोणी तरी असे. स्वयंसेवकांच्या जिवावर अशी पाळी किती वर्षे चालणार, हा प्रश्न मात्र कोणी वेळेवर सोडवला नाही.

या मांडणीला छेद देणारे एक उदाहरण आहे आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १२ मार्च २०२० रोजी, सायबर सेन्सॉरशिपविरोधी दिनी, ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या पत्रकारांच्या संघटनेच्या जर्मन शाखेने माइनक्राफ्ट या खेळात ‘द अनसेन्सॉर्ड लायब्ररी’ उघडली. ब्लॉकवर्क्स या चमूच्या, सोळा देशांतल्या चोवीस जणांनी सव्वा कोटी ठोकळे रचून ती बांधली. घुमट, खांब, भव्य दालने, सगळे काही. सुरुवातीला तिथे इजिप्त, मेक्सिको, रशिया, सौदी अरेबिया आणि व्हिएतनाम या पाच देशांची दालने होती. सौदीच्या दालनात खून झालेले सौदी पत्रकार जमाल खाशोग्जी यांचे लेखन, मेक्सिकोच्या दालनात खून झालेल्या पत्रकारांची स्मृती. ज्या देशांत संकेतस्थळे रोखली जातात तिथेही माइनक्राफ्ट चालतो, म्हणून बंदी घातलेले लेख खेळातल्या पुस्तकांत टाकून मुलांपर्यंत पोचवायचे, अशी ती कल्पना.

इथे टेबलामागे ग्रंथपाल नाही आणि इमारत तर राजवाड्यासारखी आहे. तरी हे ग्रंथालय यशस्वी झाले असे मी मानतो. त्याची कारणे स्पष्ट आहेत. तिथे जे मिळते ते त्या वाचकांना दुसरीकडे सहज मिळत नाही. वाचक आधीपासूनच त्या जगात होते, त्यांना कुठून ओढून आणावे लागले नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे अख्खा नकाशा कोणालाही उतरवून घेता येतो. एक सर्व्हर बंद पाडला तरी प्रती हजारो संगणकांवर राहतात. भव्य इमारतीलाही तिथे अर्थ आहे, कारण सत्तेने दडपलेल्या शब्दांना सत्तेच्या तोलामोलाचे घर द्यायचे होते. आपल्या जिल्हा ग्रंथालयाच्या प्रवेशद्वाराची प्रतिकृती करण्यामागे असे कोणते कारण आहे?

लोक जिथे आहेत तिथे पुस्तक न्यावे, हा विचार आपल्याला परका नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची चळवळ उभी केली, त्यात गावोगाव फिरणाऱ्या ग्रंथपेट्या होत्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातून विनायक रानडे यांनी २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या महाराष्ट्रभर आणि परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचवल्या. या दोन्ही कामांत पेटी साधी लाकडी, नाही तर पत्र्याची. सगळा भर ती कोणाकडे जाते, कोण सांभाळते आणि कधी बदलते यावर. आभासी जगाकडे आपण याच नजरेने पाहावे.

विद्यापीठांच्या हाती आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या खऱ्या वर्गात होऊच शकत नाहीत. पहिली, दुसऱ्याच्या अनुभवात शिरणे. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मनोविकारतज्ज्ञ पीटर येलोलीज यांनी सेकंड लाइफमध्ये एक इस्पितळाचा वॉर्ड बांधला. त्यातून चालताना स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला होणारे भास चालणाऱ्याला होत. आवाज कानाशी पुटपुटत, भिंतीवरच्या भित्तिपत्रकातला मजकूर बदले, आरशातला चेहरा बदले. हे भास रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या अनुभवांवरून रचले होते. दोन महिन्यांत आठशेहून अधिक वेळा लोकांनी तो वॉर्ड पाहिला आणि मत नोंदवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सांगितले की रुग्ण काय ऐकतो हे आपल्याला आता अधिक कळते. आपल्या परिचर्या महाविद्यालयांतल्या मुली मनोरुग्णालयात इंटर्नशिपला पहिल्यांदा जातात तेव्हा घाबरलेल्या असतात. मराठीत पुटपुटणारे आवाज असलेला असा एखादा वॉर्ड त्यांना आधी अनुभवता आला, तर रुग्णाशी वागताना केवढा फरक पडेल.

दुसरी गोष्ट म्हणजे हरवलेल्या जागा पुन्हा उभ्या करणे. इथे मला ब्रिटिश लायब्ररीचा कित्ता गिरवावासा वाटतो. २०१३ मध्ये तिने ‘ऑफ द मॅप’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा घेतली. लायब्ररीने आपल्या संग्रहातले जुने नकाशे आणि चित्रे दिली, क्रायटेक कंपनीचे गेम इंजिन, म्हणजे खेळ बनवण्याचे सॉफ्टवेअर, वापरायचे होते आणि विद्यार्थ्यांनी त्यातून जागा उभी करायची. लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठाच्या सहा मुलांनी १६६६ च्या आगीपूर्वीचे लंडन, त्याच्या अरुंद गल्ल्या, पुढे झुकलेली लाकडी घरे, टांगलेल्या पाट्या यांसह उभे केले आणि पहिला क्रमांक पटकावला. यात ग्रंथालयाने स्वतः काहीच बांधले नाही. त्याने आपले कपाट उघडले आणि मुलांना कामाला लावले.

आता पुणे घ्या. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. तट, दरवाजे, नगारखाना आणि आतल्या इमारतींची जोती तेवढी उरली. त्याविषयीचे कागद मात्र आहेत. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे, आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळात आहेत. आणि वाड्याहूनही मला जास्त ओढ आहे ती कात्रजच्या नळाची. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरापर्यंत दगडी भुयारी नळ आणला. पाणी नुसत्या उताराने वाहत येई. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास होते, हवा खेळावी, दाब मोकळा व्हावा, आत उतरून गाळ काढता यावा म्हणून. शहरात ते पाणी वाड्याच्या कारंज्यांपर्यंत आणि लोकांच्या हौदांपर्यंत जाई. आज त्यातले बरेच उच्छ्वास रस्त्यांच्या आणि सोसायट्यांच्या खाली गेले आहेत आणि नळ तर पुणेकरांच्या पायाखाली असून कोणाला दिसत नाही.

हा नळ आभासी जगात उभा करायचा तर किती विभागांना एकत्र यावे लागेल पाहा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोडी वाचून खर्चाच्या नोंदी काढाव्या लागतील. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला उतार मोजून पाणी खरोखर वाहील का हे तपासावे लागेल. भूगोलाचा विद्यार्थी समोच्चरेषा आणील. संगणकाचा विद्यार्थी हे सगळे जोडील आणि त्यांच्यामध्ये बसून कोणता कागद कोणत्या रुमालात आहे हे सांगणारा ग्रंथपाल किंवा अभिलेखपाल लागेलच. शेवटी जे उभे राहील त्याहून ते उभे करताना या मुलांनी जे वाचले, जे वाद घातले, ते मोठे. एखाद्या शाळेतली सातवीची मुले भुयारात उतरून पाण्याबरोबर हौदापर्यंत चालत आली, तर तो आनंद वेगळाच.

इथे एक पथ्य कडक पाळावे लागेल. पडद्यावर जे दिसते ते खरेच वाटते. जिथे पुरावा आहे आणि जिथे आपण अंदाज केला आहे, त्यांत फरक दिसलाच पाहिजे. वारसास्थळांच्या संगणकीय पुनर्रचनेसाठी अभ्यासकांनी ‘लंडन चार्टर’ नावाची तत्त्वेच घालून दिली आहेत. त्यांचा गाभा हाच की पाहणाऱ्याला प्रत्येक निर्णयाचा आधार कळला पाहिजे. अंदाजाने बांधलेली भिंत वेगळ्या छटेची ठेवावी, भिंतीला हात लावला की आधाराचा कागद समोर यावा. इतिहासावरून माथी भडकणाऱ्या आपल्या राज्यात तर या नियमाला अजिबात सूट नको. नाही तर कोणाच्या तरी कल्पनेतला वाडा उद्या पुरावा म्हणून मिरवला जाईल.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासाठी तर आभासी जग मुद्दाम घडवल्यासारखे आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे विद्यार्थी म्हणजे नोकरी करणारे, शेती सांभाळणारे, लग्नानंतर शिक्षण पुन्हा हाती घेणाऱ्या बायका. त्यांना पुस्तके मिळतात, अभ्यासकेंद्र मिळते, पण वर्गमित्र मिळत नाहीत. आठवड्यातून दोन संध्याकाळी, कामे उरकल्यावर, एका आभासी अभ्यासिकेत शिक्षक आणि ग्रंथपाल बसलेले असतील आणि चंदगडची बाई धडगावच्या बाईशेजारी बसून तेच प्रकरण वाचत असेल, तर पहिल्या वर्षात शिक्षण सोडून देणाऱ्यांपैकी काही जणी तरी थांबतील असे मला मनापासून वाटते. केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्जमध्ये प्रयोग फुकट करता येतात, ही फार चांगली सोय आहे. तिथे उणीव आहे ती हीच, की प्रयोग करणारा एकटाच बटणे दाबत बसतो आणि चुकले तर खांद्यावरून पाहणारे कोणी नसते.

हे सगळे मोबाइलवर चालले पाहिजे. या विद्यार्थिनींकडे लॅपटॉप नाही, गेमिंगचा संगणक नाही, फोनवरचा डेटा दिवसाला मोजका आणि तोही कधी मुलांबरोबर वाटून घेतलेला. म्हणून जे ब्राउझरमध्ये उघडेल, हलके असेल, आवाज बंद ठेवून नुसते लिहूनही ज्यात भाग घेता येईल तेच आपले साधन. डोळ्यांवर चढवायचे हेडसेट विकत घेण्याची घाई मला समजत नाही. एका महाविद्यालयात मी ते पाहिले आहेत, कुलूपबंद कपाटात, खोक्यांसकट. ज्या प्राध्यापकांच्या नावाने खाते उघडले होते त्यांची बदली झाली आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. खुल्या कोडची साधने पुष्कळ आहेत. स्वतःच्या सर्व्हरवर चालणारे ओपन-सिम्युलेटर आहे, पूर्वी माइनटेस्ट म्हणून ओळखले जाणारे, ठोकळ्यांचे लुआंटी जुन्या संगणकावरही चालते. संगणक विभागातल्या मुलांना प्रकल्प म्हणून हे काम दिले तर निविदा काढायचीही गरज नाही.

देवनागरीची परीक्षा मात्र पहिल्याच दिवशी घ्यावी. अनेक गेम इंजिनांत जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. दारावरची पाटी ‘ग्रंथालय’ अशी नीट उमटते की ‘ग’, ‘र’ आणि हलन्त सुटे पडतात, हे साधन निवडण्याआधी पाहावे. इंग्रजीत पाट्या लावून सुटका करून घेतली, तर ज्यांच्यासाठी हे करायचे तीच माणसे दारातून परत जातील.

वाचकाची गोपनीयता हाही बारीक विचार करण्याचा विषय. कोण काय वाचतो हे चांगला ग्रंथपाल तिसऱ्याला सांगत नाही. आभासी जगात कोण कुठे किती वेळ उभा राहिला, कोणाशी बोलला, याची नोंद यंत्रात राहू शकते. सर्व्हर आपला असेल तर त्या नोंदी ठेवायच्या की पुसायच्या हे आपल्या हाती राहते. लहान मुलांच्या जागेत ग्रंथपाल हजर नसेल तेव्हा दार बंद, हा नियम तर हवाच.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदानावर चालणारी हजारो वाचनालये आहेत. त्यांत ‘ड’ या सर्वांत खालच्या वर्गातल्या वाचनालयाला मिळणाऱ्या अनुदानात पुस्तके, वर्तमानपत्रे, विजेचे बिल आणि ग्रंथपालाचे मानधन भागवताना कार्यकर्त्यांची दमछाक होते. पावसाळ्यात कपाटांवर प्लास्टिक पांघरावे लागते. मग आभासी जगाचा थाट कशाला? मी या लोकांच्या बाजूचा आहे. छत गळत असेल तर आधी छत दुरुस्त करा. पण थाट हा शब्द इमारतींना लागू पडतो, मी मागतो आहे तो पगार. गावातल्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथपालाला आठवड्यातून चार तास आभासी अभ्यासिकेत बसण्याचे वेगळे मानधन द्या. आपल्या भागातल्या दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना तो ओळखतो, त्यांच्या अडचणी ओळखतो. हे पैसे विद्यापीठाच्या जाहिरातीच्या खर्चातून सहज निघतील. उपेक्षित ग्रंथपालाच्या हाती चार पैसे पडतील आणि त्याचे कसब गावाबाहेरही पोचेल.

शिवाय साथीच्या काळात जे पाहिले ते विसरता येत नाही. १६ मे २०२० रोजी, ज्या दिवशी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा पदवीदान समारंभ व्हायचा होता, त्या दिवशी तिथल्या विद्यार्थ्यांनी माइनक्राफ्टमध्ये स्वतः बांधलेल्या आवारात तो केला. कुलगुरू कॅरल ख्राइस्ट यांनीही त्यात भाग घेतला. त्या मुलांनी कोणाची परवानगी किंवा अनुदान येण्याची वाट पाहिली नाही. एकमेकांना भेटायची गरज होती, म्हणून जागा बांधली. इथे आवाराची प्रतिकृती केली म्हणून मी हरकत घेणार नाही, कारण माणसे आधी होती आणि भिंती नंतर आल्या. आपल्याकडे त्याच काळात ग्रंथालयांना कुलूप लागले आणि वाचक व ग्रंथपाल यांचा संबंध महिनोन्‌महिने तुटला. पुस्तके पुष्कळ ठिकाणी पीडीएफ म्हणून फिरली, पण ‘हे वाचलेत तर आता ते वाचा’ असे सांगणारा आवाज कुठे ऐकू आला नाही.

तेव्हा एखाद्या विद्यापीठाला खरोखर सुरुवात करायची असेल, तर येत्या सत्रात दोनच गोष्टी कराव्यात. इतिहास आणि संगणक विभागाने मिळून कात्रजच्या नळाचा एक उच्छ्वास आणि एक हौद, एवढाच तुकडा हाती घ्यावा, पुराव्यांसकट. आणि ग्रंथालयाने दर मंगळवारी व शुक्रवारी रात्री आठ ते दहा एक साधी, एका खोलीची आभासी अभ्यासिका उघडावी, जिच्यात नावानिशी जाहीर केलेला ग्रंथपाल हजर असेल आणि त्याच्या त्या तासांचा पगार अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीवर दाखवलेला असेल. वर्षाअखेरीला किती जण पुन्हा पुन्हा आले ते पाहावे आणि दुसरी खोली बांधायची की नाही ते त्यांनाच विचारावे.